मोट, कप्पी आणि श्रमाची वाटणी : परभणी जिल्ह्यातील जुन्या पाणी-उपशाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

साधी यंत्रे काम सोपे करतात, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकापासून आपल्या परिचयाचे आहे. तरफ, चाक व आस, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र अशी सहा यंत्रांची यादी विद्यार्थी पाठ करतो, यांत्रिक फायद्याची उदाहरणे सोडवितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. काम सोपे झाले म्हणजे नेमके काय झाले, कोणाचे झाले आणि त्याची किंमत कोठे मोजली गेली, हे प्रश्न पदार्थविज्ञानाच्या तासाला येत नाहीत. आणि इतिहासाच्या तासाला यंत्रच येत नाही.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात सातवाहन, राष्ट्रकूट व यादव राजवटी, महानुभाव आणि वारकरी परंपरा, निजामी अंमल व हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. शेतकरी ज्या साधनाला रोज हात लावीत होता, त्याविषयी मात्र चार ओळी लिहून पुढे जाण्याची प्रथा दिसते. मोट हे असेच एक साधन आहे. विहिरीवर चाक, चाकावरून दोर, दोराला बैल आणि खाली चामड्याची पिशवी, एवढ्या वर्णनावर बहुतेकांचे समाधान होते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील पाणी-उपशाच्या आधारे असे मांडावयाचे आहे की, मोटेतील कप्पीने बैलांचे बल वाढविले नाही. श्रम हलका करणारी युक्ती कप्पीहून वेगळ्या ठिकाणी होती, आणि त्या हलकेपणाची वाटणी गावात समान झालेली नव्हती.

पाण्यापर्यंत माणूस, की माणसापर्यंत पाणी?

परभणी जिल्हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. वर काळी कसदार माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ असा सर्वसाधारण क्रम आढळतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या जिल्ह्यातून वाहतात. परंतु गोदावरीचे पात्र खोल आणि काठ उंच असल्यामुळे नदी डोळ्यांसमोर असूनही शेताला तिचे पाणी सहज मिळत नसे. म्हणून जिल्ह्याची शेती प्रामुख्याने पावसावरची राहिली. ज्वारी व कापूस ही तिची पिके. बागायत होती ती विहिरीच्या आसपासच्या तुकड्यात. मिरची, कांदा, भाजीपाला, गहू आणि थोडा ऊस यांपलीकडे तिचा पसारा जात नसे.

पाणी खाली आणि गरज वर, या अडचणीवर या भूमीत दोन प्रकारची उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर बारव. माणसाने पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरावे, अशी तिची कल्पना. परभणीजवळचे पिंगळी, जिंतूर तालुक्यातील चारठाणा, सेलू तालुक्यातील वालूर अशा अनेक गावी जुन्या बारवा आहेत. वालूरच्या बारवेत पायऱ्या सर्पिलाकार फिरत खाली जातात. पायऱ्या म्हणजे टप्प्याटप्प्याची उतरण. उतरण दंडगोलाभोवती गुंडाळली की मळसूत्र होते, ही पाठ्यपुस्तकातील आकृती वालूरला दगडात बांधलेली पाहावयास मिळते. गेल्या काही वर्षांत ग्रामस्थांनी गाळ काढून ही बारव मोकळी केली, ही समाधानाची गोष्ट आहे.

बारवेचा मोठा गुण असा की, पाणी श्रावणात वर असो वा वैशाखात तळाला, माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतो. दोर तोकडा पडत नाही, चाक मोडत नाही. परंतु श्रमाच्या हिशेबाने बारव महाग पडते. ५० किलो वजनाची स्त्री १५ किलो पाण्याची घागर घेऊन वर येते, तेव्हा प्रत्यक्षात ६५ किलो वजन वर चढते. त्यातील पाणी चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. शिवाय खाली उतरताना तिच्या शरीराचे वजन काहीच उपयोगी पडत नाही. हा शेवटचा मुद्दा पुढे मोटेच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

दुसरे उत्तर म्हणजे माणूस काठावरच ठेवून पाणी वर आणणे. घरगुती पाण्यासाठी आड, दोर आणि पोहरा. शेतासाठी विहीर, मोट आणि बैल. रहाट हा आपला नेहमीचा शब्द संस्कृत 'अरघट्ट' या शब्दापासून आलेला आहे, म्हणजे कल्पना जुनी आहे. अरणच्या सावता माळी यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातील पाणी-उपशाच्या साधनांतच पंढरी पाहिली, हे वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. त्या काळी ही साधने श्रोत्यांच्या रोजच्या परिचयाची नसती, तर ते रूपक कोणाला उमगले नसते.

मोटेची रचना

मोट हे नाव पिशवीचे, पण ते यंत्र पाच-सहा अवयवांचे आहे. विहिरीच्या काठावर दोन खांबांच्या आधाराने उंचावर चाक बसविलेले असे. त्यावरून जाड दोर, म्हणजे नाडा, जाई. चाकाच्या खाली, थारोळ्याच्या ओठाशी, एक आडवा लाकडी रूळ असे. त्याला कणा म्हणत. कण्यावरून बारीक दोर जाई; त्याला कोठे सोल, तर कोठे सोंदूर म्हणत. मोट चामड्याची, वरचे तोंड रुंद आणि लोखंडी कड्याने ताणलेले, खालचा भाग निमुळता होत जाऊन त्याची लांब सोंड झालेली. नाडा कड्याला बांधलेला, सोल सोंडेच्या टोकाला. दोन्ही दोरांची दुसरी टोके एकाच जुवाला. विहिरीपासून दूर उतरत जाणारा बैलांचा मार्ग म्हणजे धाव. पाणी ज्या हौदात पडते ते थारोळे, आणि तेथून पाटाने ते वाफ्यांकडे जाते. तेथे दारे धरणारा दुसरा गडी उभा असतो. पुढे चामड्याच्या जागी लोखंडी पत्र्याची मोट आली, तरी सोंड चामड्याचीच ठेवावी लागली, कारण पत्रा वाकत नाही.

दोन दोरांची लांबी अशी ठेवलेली असे की, मोट वर येताना सोंड दुमडून तिचे तोंड मोटेच्या तोंडाच्या उंचीवर राहावे. त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठाला आली की, नाडा तिला अजून वर, चाकाकडे ओढी. सोंड मात्र कण्यावरून आडवी थारोळ्यात ओढली जाई. चाक वर आणि कणा खाली असल्यामुळे सोंडेचे तोंड मोटेच्या पातळीच्या खाली येई आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडे. कोणी हात लावावयाचा नाही, कोणी मोट कलती करावयाची नाही. बैलांनी शेवटचे एक-दोन पाऊल टाकले की काम झाले. या रचनेत जी बुद्धिमत्ता आहे, ती चाकात नसून दोन दोरांच्या लांबीच्या आणि चाक व कण्याच्या उंचीच्या मेळात आहे.

कप्पीने नेमके काय केले?

विहिरीवरचे चाक ही स्थिर कप्पी आहे. स्थिर कप्पीचा यांत्रिक फायदा एक, म्हणजे वस्तूच्या वजनाइतकेच बल लावावे लागते. समजा मोटेत १५० लिटर पाणी मावते आणि पाणी १० मीटर खोल आहे. मोटेचे आणि दोराचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तरी नाड्यावर १५० किलोचा ताण येणारच. चाक एक असो वा लहान-मोठे असो, हा आकडा कमी होत नाही. 'कप्पीमुळे जड वस्तू हलकी होते' असे उत्तर विद्यार्थी लिहितात. मोटेच्या बाबतीत ते चूक आहे.

तरीही चाक काढून टाकले असते तर काय झाले असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. दोर जर स्थिर लाकडावरून अथवा दगडावरून घासत काटकोनात वळवावा लागला आणि घर्षणांक ०.३ धरला, तर १५० किलोसाठी सुमारे २४० किलोची ओढ लागते. चाक फिरते तेव्हा घर्षण दोराऐवजी आसाशी होते. चाकाची त्रिज्या आसाच्या दहापट असेल, तर घर्षणाचा प्रभाव दहाव्या हिश्श्यावर येतो. आसाशी घर्षणांक ०.२ धरून हिशेब केल्यास १५० च्या जागी सुमारे १५४ किलोची ओढ पुरते. चाकाने बैलांना दिले ते हे: दिशा बदलून दिली, आणि ९० किलोचा निव्वळ अपव्यय ४ किलोवर आणला. मोटेच्या चाकाची करकर ग्रामीण साहित्यात काव्यमय झाली आहे. व्यवहारात ती उरलेल्या त्या घर्षणाचीच हाक होती, आणि जाणता शेतकरी ती ऐकून आसाला वंगण घाली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने साध्या यंत्रांची जी यादी दिली, तीत पाच यंत्रे होती. उतरण तीत नव्हती. ती नंतर आली. आपल्याकडे अकराव्या शतकात राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी'त, आऱ्यांत पारा भरलेले आणि आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. असे चाक अखंड फिरू शकत नाही, हे आज आपण जाणतो. इ.स. १६०० च्या सुमारास गॅलिलिओने दाखवून दिले की, यंत्र निसर्गाला फसवीत नाही. बलात जे वाचते ते अंतरात द्यावे लागते. मोट हाकणाऱ्याला हा सिद्धान्त कोणी शिकविला नव्हता. पण बैलांच्या धापेतून तो त्याला रोज कळत होता.

धावेचे गणित

मोटेचे खरे साधे यंत्र चाक नसून धाव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बैल सपाट जमिनीवर सलगपणे आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ देऊ शकतो. प्रत्येकी ४०० किलोच्या बैलजोडीची अशी ओढ ८० किलोच्या आसपास येते. मोटेला हवेत १५४ किलो. सपाट जमिनीवर एक जोडी हे काम थोडा वेळ करील, दिवसभर करू शकणार नाही. म्हणून विहिरीजवळ भर घालून, आणि दूरच्या टोकाला जमीन खोदून, उतार तयार केला जाई. १० मीटर चालताना बैल २ मीटर खाली उतरतात असे धरू. तेव्हा ८०० किलो वजनाचा उताराच्या दिशेने पडणारा भाग १६० किलो होतो. म्हणजे मोटेला लागणारी जवळजवळ सगळी ओढ बैलांचे वजनच देते. स्नायूंना फारसे करावे लागत नाही. मोट हाकणारा उतरताना नाड्यावर बसे. तो ऐटीचा भाग नव्हता, तर त्याच्या वजनाची त्यात भरच पडे.

मग पाणी फुकट वर आले काय? तसे नाही. १५० लिटर पाणी १० मीटर उचलण्याचे कार्य १४,७०० ज्यूल. रिकामी मोट खाली सोडताना बैलांना उलट्या पावलांनी धाव चढावी लागे, कारण दोर जुवाला बांधलेलेच असत. ८०० किलो वजन २ मीटर चढविण्याचे कार्य होते १५,६८० ज्यूल. हिशेब जवळजवळ चुकता झाला. बैलांनी पाण्याचे ओझे पाणी वर येताना उचललेच नाही; ते त्यांनी आपले शरीर वर नेताना, दोरावर ताण नसताना, आपल्या चालीने उचलले. श्रम कमी झाला नाही. तो सोसवेल अशा वेळी आणि सोसवेल अशा रीतीने वाटला गेला.

आता बारवेशी तुलना करावी. बारवेत उतरणाऱ्या माणसाचे वजन वाया जाते. धावेवरून उतरणाऱ्या बैलाचे वजन पाणी वर आणते. दोन्हीकडे उतरणच आहे, पण एकीला दोर जोडलेला आहे. अर्थात धावेला मर्यादाही होती. पाणी जितके खोल तितकी धाव लांब हवी, आणि धाव एकदाच बांधली जाते. उन्हाळ्यात पाणी त्याहून खाली गेले की मोट थांबे. विहीर आटण्यापूर्वी यंत्र थांबत असे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बाबराची तक्रार

मोटेच्या सोंडेचे महत्त्व कळण्यासाठी उत्तरेकडे एक दृष्टिक्षेप टाकणे आवश्यक आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या वर्णनात पाणी-उपशाच्या रीती नोंदविल्या आहेत. लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागांत घटमाळेचे चाक. आग्रा, बयाना या भागांत मोठी बादली, रूळ आणि बैल. दुसरी रीत त्याला कष्टाची आणि घाणेरडी वाटली. दर खेपेला दोर बैलांच्या वाटेवरच्या शेणामुतात पडतो आणि पुन्हा विहिरीत जातो, अशी त्याची तक्रार होती. त्या रीतीत एक माणूस बैल हाकी आणि दुसरा काठावर उभा राहून बादली रिकामी करी.

आपल्याकडील सोंडेच्या मोटेत हा दुसरा माणूस लागत नाही. घटमाळेला मोठे चाक, दात्यांचे जोड आणि कुशल सुतार लागतो. मोटेला गावातील कारागीर पुरतात. खोल विहिरीत घटमाळ फार जड होते, मोटेचा फक्त दोर लांबतो. दख्खनच्या खोल विहिरींवर मोट टिकून राहिली ती मागासलेपणामुळे नव्हे. एका माणसाची मजुरी वाचविणारी आणि गावातच दुरुस्त होणारी ती रचना होती, हे तिच्या टिकण्याचे कारण दिसते. साताऱ्याजवळ लिंब येथे शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविलेल्या विहिरीला 'बारा मोटेची विहीर' म्हणतात. विहिरीचे सामर्थ्य मोटांच्या संख्येने सांगण्याची ही पद्धत म्हणजे यंत्र हेच मोजमाप झाल्याची खूण आहे.

यंत्र घडविणारे हात

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने बलुतेदारीचे जे चित्र उभे केले, त्यात मोट ठेवून पाहिली की गावाची सगळी उतरंड तिच्यात दिसते. चाक, कणा आणि जू सुताराचे. कडे आणि आस लोहाराचा. कातडे कमाविणे ढोर समाजाकडे, मोट शिवणे व सांधणे चर्मकारांकडे. नाडा आणि सोल वळणे मातंग समाजाकडे. अंबाडी हे परभणीच्या शिवारात पिकाच्या कडेला लावले जाणारे साधे झाड, पण तिच्या वाखाशिवाय दोर नव्हता आणि दोराशिवाय बागायत नव्हती. १५० किलोचा ताण दिवसातून शेकडो वेळा सोसणारा दोर वळणे ही तंत्रविद्याच आहे. तो तुटला तर मोट विहिरीत जाई आणि बैल धावेवर तोंडघशी पडत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावे लागते. ज्यांनी कातडे कमाविले, मोट शिवली आणि दोर वळला, त्यांना गावच्या आडाला शिवण्याची मुभा नव्हती. त्यांच्या हातच्या चामड्यातून आलेले पाणी थारोळ्यात पडले की ते पिकाला चाले, जनावरांना चाले, आणि शेतात राबणाऱ्या सवर्णाच्या ओंजळीलाही चाले. त्यांच्या हाताने शेंदलेले पाणी मात्र चालत नसे. चामडे विटाळत नाही आणि हात विटाळतो, या विसंगतीला धर्माचे नाव दिले गेले. वस्तुतः ती श्रमाच्या उपयोगाची सोय होती, असे म्हणावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. समतेचा मूलभूत हक्क लिहिताना विहिरीचे नाव घ्यावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तरी १९७० च्या दशकाच्या आरंभी बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन महाराष्ट्रातील गावे फिरावी लागली.

शेंदणारे हात

यंत्राने हलका झालेला श्रम स्त्रियांपर्यंत उशिरा आणि अपुरा पोहोचला. जुन्या आडांच्या काठावरील दगडांत दोराने पडलेल्या खोल खाचा अनेक गावांत आजही दिसतात. दोर दगडाला घासत होता, म्हणजे तेथे त्या काळी कप्पी नव्हती, एवढा निष्कर्ष या खाचांवरून निःशंकपणे काढता येतो. वर केलेला हिशेब येथेही लागू पडतो. काठावरून काटकोनात ओढलेल्या १५ किलोच्या पोहऱ्याला सुमारे २४ किलोची ओढ लागते. म्हणून बायका काठावर वाकून दोर दगडाला लागू न देता शेंदत; घर्षण वाचे, पण भार कमरेवर येई. आडावर साधी कप्पी बसली की दोर खाली ओढता येतो आणि शरीराचे वजन कामी येते. बैलाला धावेने जी सवलत दिली, तीच स्त्रीला कप्पीने मिळाली असती. शेताच्या विहिरीवर चाकासाठी सुताराला बलुते मिळत होते, कारण तेथून माल निघत होता. घागरीचा माल बाजारात जात नव्हता.

जात्याची गोष्टही याच प्रकारची आहे. जाते म्हणजे चाक व आस. खुंटा आसापासून जितका दूर, तितके बल कमी आणि हाताची फेरी मोठी. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळण-कांडणाचा श्रम मराठी भक्तिकाव्यात इतक्या आपलेपणाने आला तो त्यांच्या आणि पुढील अनाम स्त्रियांच्या रचनांतून. विसाव्या शतकाच्या अखेरीस गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे जे मोठे काम उभे केले, त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही आहेत. श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून या ओव्यांकडे आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्या मराठी विभागाच्या खात्यावर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

इंजिन, वीज आणि १९७२

मोट गेली ती एका दिवसात नव्हे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे तेथे पंप तयार होऊ लागले; परंतु मराठवाड्यात तेलाचे इंजिन आणि विजेचा पंप सर्वत्र पोहोचण्यास १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. दोहोंतील अंतर आकड्यांत पाहावे. १५० लिटरची मोट तासाला ३५ खेपा करते असे धरले, तर सहा तासांत ३१,५०० लिटर पाणी निघते. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे, तर सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे एका मोटेला एका एकरासाठी सहा दिवसांहून अधिक काळ हवा. बागायतीचा तुकडा लहान का असे, याचे उत्तर या भागाकारात आहे. उलट तीन अश्वशक्तीचा पंप, निम्मी कार्यक्षमता धरली तरी, १० मीटरवरून तासाला सुमारे ४१,००० लिटर पाणी काढतो. मोटेचा दिवस तासाभरात बसला.

याच काळात कालवेही आले. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६० च्या दशकात झाले. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी बसविली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. कालवा म्हणजे अत्यंत मंद उताराची, शेकडो किलोमीटर लांबीची उतरणच. फरक इतका की, येथे बैलाच्या जागी पाणीच उतरते.

या दोहोंच्या मध्ये १९७२ चा दुष्काळ आहे. साध्या यंत्रांच्या इतिहासात त्याचे स्थान विचित्र आहे. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमी योजनेत यंत्र मुद्दाम दूर ठेवण्यात आले, कारण माणसांना काम पुरविणे हाच हेतू होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ चा. मराठवाड्यातील हजारो स्त्री-पुरुषांनी टिकाव, फावडे आणि घमेले एवढ्या साधनांवर पाझर तलाव आणि रस्ते उभारले. घमेले डोक्यावर घेऊन भरावाचा उतार चढणारी बाई बारवेच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईइतकीच महाग ऊर्जा खर्च करीत होती. मातीबरोबर तिचे शरीरही दर खेपेला वर जात होते. मजुरी मात्र मोजमापात भरलेल्या मातीची मिळे. त्या दुष्काळात या योजनेने लोक जगविले, यात शंका नाही. पण काम सोपे करणे आणि काम मिळणे यांचा विरोध इतका उघडपणे क्वचितच समोर आला असेल.

पंपामुळे बैल आणि मोट हाकणारा मोकळा झाला, दारे धरणारा मात्र राहिला. चर्मकाराचे मोटेचे आणि मातंग समाजाचे नाड्याचे काम संपले. त्यांच्या हाती शेत नव्हते, म्हणून पंपाचा लाभही आला नाही. विहिरीची खोली आता धावेच्या लांबीने बांधलेली राहिली नाही. पाणी खाली गेले की पंप खाली न्यावयाचा, विहीर पुरेना तर कूपनलिका घ्यावयाची. मोटेच्या काळी पाणी धावेच्या हिशेबाबाहेर गेले की उपसा थांबत असे. पंपाच्या काळात तो अडथळाच उरला नाही, आणि भूजलाच्या उपशाला आवर घालण्यासाठी राज्याला २००९ चा स्वतंत्र भूजल अधिनियम करावा लागला.

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या तालुक्यांतील जुन्या विहिरींवर चाकाचे खांब रोवण्यासाठी पुढे काढलेले दगड अजून पाहावयास मिळतात. धावा नांगरून सपाट केल्या गेल्या. थोड्या ठिकाणी बांधाच्या आडोशाला त्यांचा उंचवटा शिल्लक आहे. या अवशेषांचे मोजमाप करणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. धावेची लांबी, तिचा उतार, चाकाच्या आणि कण्याच्या जागेतील उंचीचा फरक, आडाच्या काठावरील खाचांची खोली ही सारी माहिती फूटपट्टी, दोरी आणि ओळंबा यांनी घेता येते, आणि इतिहास व पदार्थविज्ञान या दोन्ही विभागांना एकाच विहिरीवर उभे राहून ती घेता येईल. काम लवकर व्हावयास हवे. त्याच पुढे आलेल्या दगडांवरून आता पाणबुडी पंपाचा प्लॅस्टिकचा नळ खाली सोडलेला असतो, आणि विहिरीचे नवे बांधकाम करताना हे दगड अडचणीचे म्हणून प्रथम काढले जातात.